नळीत दडलेले वीस मीटरचे वर्तुळ

इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि तरी गाडी चढाच्या दिशेने सरकू लागते! असे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात. कधी लडाखमधली मॅग्नेटिक हिल, कधी कॅनडात मॉन्क्टनजवळची टेकडी, कधी स्कॉटलंडमधला ‘इलेक्ट्रिक ब्रे’ नावाचा रस्ता. खुलासे ठरलेले असतात: डोंगराच्या पोटात प्रचंड चुंबक आहे किंवा तिथे एखादी दैवी शक्ती वास करते. आता चुंबक लोखंड ओढेल हे ठीक. पण अशा रस्त्यावर पाणी ओतले तर तेही त्याच दिशेने वाहते. पाण्याला कोणता चुंबक ओढतो?

गाडी उतारानेच जात असते. इलेक्ट्रिक ब्रेचा उतार मोजलेला आहे. 86 फूट अंतरात 1 फूट, म्हणजे जेमतेम 0.67 अंश. आजूबाजूच्या टेकड्यांनी खरे क्षितिज झाकले की एवढ्याशा उताराची दिशा डोळ्यांना उलटी भासते. इटलीतल्या मानसशास्त्रज्ञ पाओला ब्रेसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेबलावर छोट्या प्रतिकृती मांडून हाच भास घडवून दाखवला आणि 2003 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. उतार ही नजरेने ठरवण्याची गोष्टच नाही. ती मोजायची असते, आणि मोजायला काचेची एक बंद नळी पुरते.

स्पिरिट लेव्हलमधला तो बुडबुडा आपण इतक्या वेळा पाहिलेला असतो की त्यात विशेष काही वाटत नाही. मला मात्र ते मानवाने बनवलेल्या सर्वांत सुंदर उपकरणांपैकी एक वाटते. फ्रान्समधल्या मेल्किसेडेक तेवनो यांनी 1661 च्या सुमारास ते तयार केले. त्याआधी हजारो वर्षे ओळंबा आणि उघड्या भांड्यातले पाणी यांवरच काम चालत होते.

नळीत द्रव असतो आणि थोडी हवा. द्रव जड, तो खाली जातो. बुडबुडा नळीतल्या सर्वांत उंच जागी जाऊन थांबतो. नळी अगदी सरळ असती तर किंचित कललेल्या पृष्ठभागावरही बुडबुडा थेट टोकाला जाऊन बसला असता. उताराची बाजू कळली असती, उतार किती ते कळले नसते. म्हणून नळीचा आतला पृष्ठभाग घासून किंचित फुगीर, मधे उंच आणि दोन्हीकडे उतरता केलेला असतो. ही फुगीर रेषा म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा. वर्तुळाचा केंद्रबिंदू खाली कुठेतरी आहे असे समजा. त्या केंद्राच्या बरोबर वर जो बिंदू येतो तोच सर्वांत उंच, आणि बुडबुडा तिथेच असणार. नळी थोडी कलवली की सर्वांत उंच असण्याचा मान शेजारच्या बिंदूकडे जातो आणि बुडबुडा तिकडे सरकतो. किती सरकतो? वर्तुळाची त्रिज्या गुणिले कललेला कोन. बस, एवढेच गणित.

आता आकडे घालू. अंशाचे 3600 भाग केले की एक भाग म्हणजे 1 विकला. सर्वेक्षणाच्या थिओडोलाइटवर (कोन मोजणाऱ्या दुर्बिणीवर) अशी नळी असते की 20 विकला कलल्यावर बुडबुडा 2 मिलिमीटर सरकतो. कोन रेडियनमध्ये करण्यासाठी 20 ला 206265 ने भागा (एका रेडियनमध्ये तेवढ्या विकला असतात) आणि त्या उत्तराने 2 मिलिमीटरला भागा. त्रिज्या येते सुमारे 20.6 मीटर! 6 सेंटिमीटर लांबीच्या नळीत सहा-सात मजली इमारतीइतक्या त्रिज्येचे वर्तुळ दडलेले आहे. एवढ्या लांबीत त्याचा फुगवटा किती, तर मध्यभागी 0.02 मिलिमीटर, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तेवढा फुगवटा काचेच्या आत, सर्वत्र सारखा घासून काढायचा हे नळी करणाऱ्याचे खरे कसब. ओळंब्याने हेच साधायचे तर 20 मीटर लांब दोरी लागेल आणि ती वाऱ्यात हलत राहील. सुताराच्या लेव्हलला एवढी नाजूक नळी चालणार नाही, बुडबुडा स्थिर व्हायलाच फार वेळ घेईल. तिथे साधारण 4 मीटर त्रिज्या पुरते.

आत पाणी का नाही? पाणी गोठते आणि पाण्यातला बुडबुडा काचेला अडकत, धक्के घेत सरकतो. अल्कोहोल काचेवर सहज पसरते, थंडीत पातळच राहते. मात्र ते उष्णतेने पाण्याच्या कितीतरी पट फुगते, त्यामुळे उन्हात बुडबुडा आखूड होतो. म्हणून त्याची दोन्ही टोके वाचून मध्य काढतात. नळीची एकच बाजू तापली तर बुडबुडा तापलेल्या बाजूकडे ओढला जातो. सर्वेक्षक उपकरणावर छत्री धरतात ती यासाठीच.

आणि नळीच चुकीची बसवलेली असेल तर? ती तपासायला दुसरे अचूक उपकरण लागत नाही. लेव्हल ठेवा, बुडबुडा कुठे आहे ते पाहा, मग ती त्याच जागी 180 अंश फिरवून पुन्हा पाहा. पृष्ठभागाच्या उतारामुळे आलेले सरकणे लेव्हलच्या दृष्टीने उलट दिशेला जाते, लेव्हलचा स्वतःचा दोष मात्र तसाच राहतो. दिशेचे अधिक-उणे धरून दोन्ही वाचनांची बेरीज करून निम्मी केली की दोष मिळतो, वजाबाकी करून निम्मी केली की खरा उतार.

पुढच्या कारागिरांनी या बुडबुड्याला डोळा जोडला. इंग्लंडचे विल्यम ॲब्नी (अवरक्त प्रकाशात सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे घेणारे तेच) यांच्या उपकरणात डोंगरमाथ्याकडे दुर्बिणीसारख्या नळीतून पाहताना आतल्या तिरप्या आरशामुळे अर्ध्या दृश्यात बुडबुडाही दिसतो. तो मध्यरेषेवर आणला की बाहेरच्या चापावर कोन तयार. डेव्हिड ब्रंटन या खाण अभियंत्याने 1894 मध्ये होकायंत्र आणि उतारमापक एकाच खिशातल्या डबीत आणले. डेन्व्हरच्या विल्यम एन्सवर्थ यांनी ते बनवले आणि भूवैज्ञानिक आजही ‘ब्रंटन’ मागतात. फिनलंडच्या सुंतोने बुडबुडाच काढून द्रवात फिरणारी, एका बाजूला जड असलेली चकती बसवली. त्यावर अंश आणि टक्के दोन्ही असतात, आणि इथे पुष्कळांची गल्लत होते: 100 टक्के उतार म्हणजे उभी भिंत नव्हे, 45 अंश. स्वित्झर्लंडच्या वायलर कंपनीची उपकरणे लोलक आणि विद्युतधारिता (पट्ट्यांमधले अंतर बदलले की बदलणारी विद्युतभार साठवण्याची क्षमता) वापरून 1 विकलेच्या आसपासचा कलही ओळखतात, म्हणजे 1 मीटर पट्टीचे टोक 5 मायक्रोमीटरने उचलल्याइतका. मोबाइलमधला कल ओळखणारा सिलिकॉनचा सूक्ष्म भारही त्याच तत्त्वावर चालतो.

ही सगळी उपकरणे उताराची तुलना फक्त गुरुत्वाकर्षणाच्या दिशेशी करतात. मग शेजारच्या डोंगराचे आकर्षण त्या दिशेला वाकवत असेल, असे कुणी म्हणेल. वाकवते, खरेच वाकवते. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या भारताच्या सर्वेक्षणात मध्य भारतातले कल्याणपूर आणि हिमालयाच्या जवळचे कलियाना या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतला फरक ताऱ्यांवरून एक आला आणि जमीन मोजून दुसरा. तफावत 5.236 विकला. कलकत्त्यातले धर्मगुरू आणि गणिती जॉन प्रॅट यांनी हिशेब केला तर दिसणाऱ्या हिमालयामुळे ती तिप्पट हवी होती, आणि त्यातूनच पर्वतांखाली हलक्या खडकांची मुळे असतात हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांचा विचार 1855 मध्ये पुढे आला. पण आकडा पाहा: साक्षात हिमालयाने 5 विकला, आणि गाडी घरंगळायला लागतात सुमारे 2000. शिवाय दिशा वाकली तर पाणी, बुडबुडा आणि गाडी तिघेही तीच नवी दिशा पाळणार.

अशा रस्त्यावर जाल तेव्हा मोबाइल डॅशबोर्डवर ठेवून चालत्या गाडीत कोन वाचू नका. मुक्तपणे घरंगळणाऱ्या गाडीला उताराच्या दिशेने जो वेग चढत जातो, तो गुरुत्वाकर्षणाचा तेवढा भाग उपकरणापासून लपवतो. घर्षण मुळीच नसते तर कितीही तीव्र उतारावर बुडबुडा मध्यभागीच राहिला असता! खऱ्या गाडीत घर्षणाने अडवलेला भाग तेवढा दिसतो, मग उतार 1 अंशाचा असो की 5 अंशांचा. गाडी थांबवा, एक सरळ फळी रस्त्यावर लांबीच्या दिशेने ठेवा, तिच्यावर लेव्हल किंवा मोबाइल ठेवून वाचन घ्या, फळी जागची न हलवता उपकरण 180 अंश फिरवून दुसरे घ्या, आणि दोन्हींच्या वजाबाकीचे निम्मे करा.