कोरड्या सरावाची साधने (पिस्तूल नेमबाजी)

काडतूस किंवा छर्रा न भरता नेम धरून चाप सोडण्याच्या अभ्यासाला कोरडा सराव म्हणतात. ठाणे-नवी मुंबईतील नेमबाजांच्या तोंडी मात्र ‘ड्राय’ हाच शब्द असतो. त्यात पिस्तुलाला इजा होऊ नये, तसेच न उडालेल्या बाराचीही नोंद मिळावी, यासाठी ही साधने वापरतात.

त्यांचा आरंभ कोठे धरावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. चकमकीच्या बंदुकीच्या कवायतीत गारेऐवजी लाकडी तुकडा बसवीत. त्यालाच आद्य साधन मानता येईल. तथापि अशा साधनाचे ‘स्नॅप कॅप’ हे नाव टोपीच्या (ठिणगीसाठी स्फोटक टोपी वापरणाऱ्या) बंदुकीच्या काळाशी अधिक जुळते. १८५३ च्या ब्रिटिश एनफील्ड रायफलीच्या निपलवर (टोपी बसवण्याच्या बोंडीवर) सरावापुरते जे झाकण घालीत, त्यालाच हे नाव होते. ते साखळीने बंदुकीलाच अडकवलेले असे. पुढे हे नाव खोट्या काडतुसाला चिकटले.

.२२ रिमफायर पिस्तुलात अशा काडतुसाची गरज विशेष आहे. यात आघातपिन काडतुसाच्या मध्यावर नव्हे, तर कडेवर आदळते; कोठा रिकामा असल्यास अनेक पिस्तुलांत ती थेट कोठ्याच्या धातूवर आपटून तेथे खाच पाडू शकते आणि मग टरफल अडकू लागते. यावर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, स्क्रूसाठी भिंतीत ठोकतात तो प्लॅस्टिकचा रावल प्लग योग्य मापाचा निवडून पुष्कळ जण वापरतात. उडालेले टरफलही चालते, मात्र दर वेळी ते थोडे फिरवावे लागते, कारण जुन्या खड्ड्यातच पिन पडली तर संरक्षण उरत नाही.

एअर पिस्तुलाची गोष्ट वेगळी. स्पर्धेच्या बहुतेक पिस्तुलांत हवा न सोडता चाप चालवण्याची सोय मुळातच असते. छर्ऱ्याविना हवा सोडणे म्हणजे कोरडा सराव नव्हे. स्प्रिंगच्या पिस्तुलात त्याने दट्ट्याला मार बसतो.

घोडबंदर रस्त्यावरील किंवा ऐरोलीतील सदनिकेत १० मीटर सलग जागा सहसा नसते. त्यामुळे लक्ष्यच लहान करतात: १० मीटरवरील ५९.५ मिमी. व्यासाचे काळे वर्तुळ ३ मीटरवर १७.८५ मिमी., म्हणजे सुमारे १८ मिमी. होते. अंतर डोळ्यापासून मोजावे, नळीच्या तोंडापासून नव्हे. हात लांब केला की हा फरक दुर्लक्षिण्याजोगा राहत नाही. नवशिक्याची नजर माशीवरून (नळीच्या टोकावरील नेमखुणेवरून) त्या ठिपक्याकडे घसरते. त्याला कोरी भिंतच बरी.

नोंद ठेवणाऱ्या साधनांत मॉस्कोच्या ‘स्कॅट’चा बोलबाला आहे. नळीवरील संवेदक चाप सुटण्याआधीचा व नंतरचा नेमाचा मार्ग वेगवेगळ्या रंगांत पडद्यावर काढतो. चाप सुटण्यासाठी लागणारे वजन मात्र कोणत्याही साधनाने बदलता कामा नये. एअर पिस्तुलासाठी ते नियमानुसार किमान ५०० ग्रॅम, तर २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलासाठी १००० ग्रॅम असते.

स्पर्धेत कोरडा सराव परवानगीने आणि फक्त गोळीबाराच्या रेषेवर किंवा नेमून दिलेल्या जागीच करता येतो.