कोंबडी, बदक आणि बोडका आरएनए

बर्ड फ्लूची बातमी आली की आमच्या पुण्यातल्या पाषाणच्या चिकनवाल्याचा रविवार बसतो. एरवी अकरा वाजता दुकानापुढे रांग असते, परवा मी एकटाच होतो. त्याने सुरी ठेवली, फडक्याला हात पुसले आणि विचारलं, "काका, कोंबड्या पटापटा मरतात. मग तळ्यावरची बदकं कशी धडधाकट? हा रोग तीच घेऊन फिरतात म्हणे."

सोसायटीच्या ग्रुपवर याचं उत्तर आधीच येऊन पडलं होतं: बदकाचं रक्त गरम, म्हणून विषाणू टिकत नाही. हे साफ खोटं. कोंबडी काय आणि बदक काय, दोघांचं अंग ४१-४२ अंशांच्या आसपासच असतं. शिवाय विषाणू बदकात टिकतो, चांगला मुक्काम ठोकून टिकतो. तो आतड्यात वाढतो, विष्ठेतून पाण्यात उतरतो, आणि बदक मात्र शेपटी हलवत पोहत राहतं. (नेहमीच नाही. एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचे काही वाण बदकांनाही मारतात.) २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबारजवळच्या नवापुरात कोंबड्यांमध्ये एच५एन१ सापडला, तेव्हा हा विषाणू भारतातल्या पोल्ट्रीत पहिल्यांदाच दिसला. शेडच्या शेड रिकाम्या कराव्या लागल्या होत्या.

हा फरक पेशीच्या पातळीवरचा आहे, आणि तो मला इतका आवडतो की मी त्या दुकानात वीस मिनिटं उभा राहिलो.

रोगप्रतिकार म्हटलं की आपल्याला अँटीबॉडी आठवतात. पण अँटीबॉडी तयार व्हायला दिवस लागतात, आणि फ्लूचा विषाणू काही तासांत पेशीचा कारखाना ताब्यात घेतो. त्या पहिल्या तासांत लढते ती जन्मजात प्रतिकारशक्ती. ही अमुक एका विषाणूला ओळखत नाही. तिला एवढंच कळतं की इथे काहीतरी आपलं नाही. हे कळणंच अवघड आहे, कारण फ्लूचा जनुकसंच आरएनएचा, म्हणजे रासायनिक अक्षरांच्या एका साखळीचा, आणि आपली पेशीही दिवसरात्र आरएनएच छापते. अक्षरं तीच चार, शाई तीच. मग परकं ओळखायचं कशावरून?

टोपीवरून.

आरएनएची साखळी तयार होते तेव्हा तिच्या पहिल्या अक्षराला तीन फॉस्फेट लोंबत असतात. आपल्या पेशीच्या केंद्रकात संदेशवाहक आरएनए छापला जात असतानाच काही एन्झाइम त्यातला एक फॉस्फेट कापतात, त्या जागी 'जी' (G) हे अक्षर उलटं चिकटवतात आणि वर मिथाइलचा छोटा तुरा खोवतात. जीवशास्त्रज्ञ याला खरोखरच टोपी म्हणतात. टोपी घातल्याशिवाय संदेश सहसा केंद्रकाच्या दाराबाहेर पडत नाही. म्हणजे बाहेर, पेशीद्रवात, डोक्यावर उघडे तीन फॉस्फेट घेऊन कुणी हिंडत असेल तर तो बहुतेक घरचा नव्हे.

पेशीद्रवात या बोडक्यांवर नजर ठेवणारं एक प्रथिन आहे, त्याचं नाव रिग-आय. जपानमधल्या ताकाशी फुजिता यांच्या गटाने २००४ साली त्याचं हे काम उजेडात आणलं. ते नेमके तीन फॉस्फेट हेरतं हे २००६ मध्ये कळलं. एरवी रिग-आय हाताची घडी घालून बसलेलं असतं. उघडे तीन फॉस्फेट आणि त्यांना लागून दुपदरी आरएनएचा तुकडा, असं दोन्ही एकत्र हाताला लागलं तरच ते त्या टोकाला मिठी मारतं आणि त्याचे घडी घातलेले हात मोकळे होतात. फ्लूच्या जनुकसंचाचे आठ तुकडे असतात, आणि प्रत्येक तुकड्याची दोन टोकं एकमेकांना पूरक असल्यामुळे जुळून दुपदरी होतात. म्हणजे रिग-आयला हवं ते सगळं विषाणू स्वतःच तयार करून आणतो, तेही आठ-आठ ठिकाणी.

गंमत अशी की टोपीचं महत्त्व फ्लूलाही ठाऊक आहे. टोपी नसलेला संदेश पेशीचे रायबोसोम, म्हणजे संदेश वाचून प्रथिनं बनवणारी यंत्रं, सहसा वाचत नाहीत. म्हणून तो आपल्या ताज्या संदेशांच्या टोप्या चोरतो. नुसती टोपी काढत नाही, टोपीसकट पुढची दहा-तेरा अक्षरं छाटतो, मुंडकंच म्हणा, आणि ते स्वतःच्या संदेशाला जोडतो. मराठीत 'टोपी घालणं' म्हणजे फसवणं; इथे ते शब्दशः घडतं. पण चोरलेल्या टोप्या जातात कामाच्या प्रतींना. मूळ जनुकसंच बोडकाच राहतो, आणि तिथेच तो सापडतो.

पुढची साखळी जरा किचकट आहे, दमला असाल तर खुशाल पुढच्या परिच्छेदावर जा. मोकळ्या हातांचं रिग-आय मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या वीजघराच्या, बाहेरच्या पापुद्र्यावरच्या मॅव्हस नावाच्या प्रथिनाला भिडतं. एका मॅव्हसने आकार बदलला की तो शेजारच्याला तसाच वाकवतो, तो त्याच्या शेजारच्याला, आणि बघता बघता त्यांचे लांब धागे होतात. खराब झालेली प्रथिनं मेंदूत असाच रोग पसरवतात. इथे तीच खोड कामी येते, कारण थोड्याशा इशाऱ्याचा मोठा गलका होतो. त्या धाग्यांवरून निघालेला निरोप आयआरएफ-३ नावाच्या प्रथिनाला जागं करतो, ते केंद्रकात शिरतं, आणि पेशी इंटरफेरॉन नावाचं धोक्याची सूचना देणारं प्रथिन बनवून बाहेर सोडते. शेजारच्या पेशी ते चाखतात आणि विषाणू पोचण्याआधीच शेकडो जनुकं चालू करून दारं लावून घेतात.

आता कोंबडी. २०१० साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या कॅथरीन मॅगर यांच्या गटाने दाखवलं की बदकाकडे रिग-आय आहे आणि कोंबडीकडे नाही. उत्क्रांतीच्या वाटेवर कुठेतरी ते जनुक गळून गेलं. बदकाचं रिग-आय कोंबडीच्या पेशीत घातल्यावर त्या पेशी फ्लूविरुद्ध इंटरफेरॉन जास्त बनवू लागल्या, आणि विषाणूची वाढ घटली. दैव बघा, इंटरफेरॉनचा शोध १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी लावला तो कोंबडीच्याच अंड्यातल्या पापुद्र्यावर! इंटरफेरॉनचा भोंगा कोंबडीकडे आहे. फ्लूला हेरणारा सगळ्यात तिखट डोळा नाही. एमडीए-५ नावाचं रिग-आयचं चुलत भावंड थोडंफार निभावतं, पण त्याला लांब दुपदरी आरएनए हवा असतो आणि फ्लू तो फारसा सांडत नाही.

"मग घाला की ते जनुक कोंबडीत," दुकानदार म्हणाला. घातलं, साहेब. जर्मनीत बदकाचं रिग-आय आणि त्याचा एक मदतनीस असं दोन्ही असलेल्या कोंबड्या तयार केल्या. फ्लू दिल्यावर त्या जास्तच आजारी पडल्या, दाह भडकला, वजन घटलं. गलका करणं सोपं असतं, वेळेवर थांबवणं अवघड.

टेकडीच्या पायथ्याला सकाळी 'इम्युनिटी वाढवा' अशी पाटी लावून कारल्या-दुधीचा रस विकतात, तिथून जाताना मला या कोंबड्या आठवतात. रस प्या, तहान भागेल. पण प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी नाही, पातळी वाढवली की झालं. वटवाघळांचंच बघा. भलत्या जागी सापडलेल्या डीएनएची वर्दी देणारं त्यांचं स्टिंग नावाचं प्रथिन एका अक्षराच्या बदलाने मंद झालेलं आहे, असं २०१८च्या एका अभ्यासात दिसलं. ती कमी भडकतात, आणि बहुधा म्हणूनच अनेक विषाणूंसोबत सुखाने राहतात. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत आपल्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्थेला) निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या, तीही काही आजारी नव्हती. उलट टोकाला समुद्री साळू: परकं ओळखणारे टोल जातीचे रिसेप्टर माणसात १०, जांभळ्या साळूत २२२. एवढ्यांचं तो काय करतो, हा वेगळ्या लेखाचा विषय.

पाषाण तळ्यावर दिसणारं हळदीकुंकू बदक हे पाळीव बदकाच्या पूर्वजाचं, मॅलार्डचं, जवळचं नातेवाईक. चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू. दुकानदाराला ते माहीत होतं, लहानपणी तो तिथेच गळ टाकून बसायचा.

"आपल्यात आहे का हो ते रिग-आय?"

"आहे."

"मग दरवर्षी मला फ्लू कसा होतो?"

विषाणूकडे एनएस-१ नावाचं एक प्रथिन आहे, मी म्हणालो. रिग-आयला जागं ठेवणारा जो मदतनीस असतो, त्यालाच ते धरून ठेवतं.

"म्हणजे वॉचमनला चहाला नेलं," तो म्हणाला आणि सुरी उचलली. "काय देऊ, करी कट?"

करी कटच घेतलं. ७० अंशांवर नीट शिजलं की हा विषाणू मरतो, आणि आमच्याकडे रस्सा त्याहून बराच वेळ रटरटतो.