चक : जॉपर्यंत पोहोचणारी गती

यंत्राच्या स्पिंडलला (फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) बसवलेले, जॉब (ज्यावर काम करायचे तो भाग) किंवा हत्यार धरून ठेवणारे साधन म्हणजे चक. लेथवर, म्हणजे जॉब फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, ते जॉब धरते, ड्रिलिंग मशिनवर ड्रिल. प्रत्यक्ष पकड जॉची, म्हणजे चकच्या सरकत्या जबड्यांची, असते. पण चावीला दिलेला पीळ किंवा सिलिंडरचा रेटा त्या जॉपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा चकच्या पोटात, ग्रीसमध्ये माखलेली, नजरेआड असते. चक किती घट्ट धरेल, किती अचूक धरेल आणि किती वेगाला टिकेल, हे तीच ठरवते.

या यंत्रणेला तीन कामे एकदम करायची असतात. हाताचा जोर कित्येक पटींनी वाढवायचा, सगळे जॉ सारख्याच अंतराने केंद्राकडे न्यायचे, आणि जॉब फिरू लागल्यावर हत्याराच्या धक्क्याने जॉ मागे सरकू द्यायचे नाहीत. तिन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात देणारी रचना नाही, म्हणून तर चकचे इतके प्रकार झाले.

पूर्वी जॉब फेसप्लेटवर (स्पिंडलवरच्या सपाट तबकडीवर) बोल्ट-पट्ट्यांनी आवळत, किंवा घंटेच्या आकाराच्या वाटीत चहूबाजूंनी स्क्रू पिळून मध्यावर आणत. दोन्हींत प्रत्येक जॉबला नव्याने वेळ जाई. अमेरिकेतील कनेटिकटच्या सायमन फेअरमन यांनी १८४० मध्ये स्क्रोल चकचे पेटंट घेतले. त्यांचे जावई ऑस्टिन कुशमन यांनी पुढे चक बनवण्याचा धंदाच उभा केला. आज लेथवर सर्रास दिसणारा थ्री जॉ चक त्याच कल्पनेचा आहे.

स्क्रोल चक आतून पाहिला की त्यातली हुशारी कळते. चकच्या घेरावर चौकोनी भोके असलेले, बहुधा तीन, छोटे बेव्हल पिनियन (तिरक्या दात्यांची लहान चाके) असतात. त्यांचे दाते आतल्या एका मोठ्या चकतीच्या पाठीवरील बेव्हल दात्यांत बसतात. त्याच चकतीच्या पुढच्या तोंडावर सपाट मळसूत्र कोरलेले असते, हीच स्क्रोल. प्रत्येक जॉच्या पाठीवरचे दाते या मळसूत्रात अडकलेले असतात, आणि जॉ चकच्या अंगातील सरळ खाचेत बसलेला असल्याने त्याला फक्त आत-बाहेर सरकता येते. चावी कोणत्याही एका पिनियनमध्ये घालून फिरवली की स्क्रोल फिरते आणि तिन्ही जॉ बरोबरीने चालू लागतात.

हे मळसूत्र आर्किमिडीजच्या सर्पिलाचे असते. त्यात कोनाच्या प्रमाणात त्रिज्या वाढते, त्यामुळे दोन वेढ्यांमधले अंतर केंद्राजवळ आणि कडेला सारखेच राहते. स्क्रोलचा एक फेरा म्हणजे जॉची एक पिच (दोन वेढ्यांमधल्या अंतराएवढी) चाल, मग जॉ कुठेही असो. मात्र तिन्ही जॉच्या खाचा १२० अंशांवर असल्याने त्यांच्यासमोर एकाच क्षणी येणारे वेढे एकाच त्रिज्येवर नसतात, एक-तृतीयांश पिचने पुढे-मागे असतात. हा फरक भरून काढण्यासाठी प्रत्येक जॉचे दाते तेवढेच सरकवून कापतात. पिच ६ मिमी असेल तर हे अंतर २ मिमी. म्हणून जॉवर आणि खाचेवर १, २, ३ असे आकडे ठोकलेले असतात. जॉ काढून पुन्हा बसवताना स्क्रोलचे सुरुवातीचे टोक पहिल्या खाचेत डोकावले की किंचित मागे न्यायचे, एक नंबरचा जॉ आत दाबायचा, टोक दुसऱ्या खाचेत येईपर्यंत चावी फिरवायची, मग दोन नंबर, मग तीन. क्रम चुकला तर जॉ केंद्रावर भेटत नाहीत; एखादा जॉ स्पष्टपणे मागे राहिलेला दिसतो.

या रचनेचा एक जन्मजात दोष आहे, आणि स्क्रोल चकच्या बहुतेक मर्यादा त्यातूनच येतात. वेढ्यांमधले अंतर सारखे असले तरी त्यांचा बाक सारखा नसतो. आतला वेढा जास्त वाकलेला, बाहेरचा कमी. जॉचा दाता मात्र एकाच आकाराचा आणि त्याला दोन्हीकडे फिरायचे असते. म्हणून त्याची बाहेरची बाजू आतल्या वेढ्याच्या बाकाला साजेशी फुगीर आणि केंद्राकडची बाजू बाहेरच्या वेढ्याला साजेशी पोकळ ठेवतात. दाता मध्ये जाड आणि कडांना बारीक असा चंद्रकोरीसारखा होतो. तो कुठेही अडत नाही, पण टेकतो बहुतेक ठिकाणी एका अरुंद रेघेवरच. सगळा दाब त्या रेघेवर येतो आणि झीजही तिथेच होते. जॉ उलटा फिरवून घातला तर बाक विरुद्ध पडतो. म्हणून अखंड जॉच्या चकला बाहेरून आणि आतून धरण्यासाठी जॉचे दोन वेगळे संच लागतात. जॉचे दोन तुकडे केले, म्हणजे खालचा मास्टर जॉ स्क्रोलमध्ये कायम ठेवून वरचा टॉप जॉ बोल्टने बसवला, की वरचा तेवढा उलटता येतो.

जोर किती वाढतो याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा पिनियनला १२ दाते, चकतीला ६० आणि पिच ६ मिमी. चावीच्या एका फेऱ्यात स्क्रोल एक-पंचमांश फिरते, म्हणजे जॉ १.२ मिमी सरकतो. चावीवर १०० न्यूटन-मीटर टॉर्क (पीळ) दिला तर स्क्रोलवर ५०० येतो. घर्षण नसते तर तिन्ही जॉची मिळून पकड सुमारे ५२० किलोन्यूटन झाली असती. प्रत्यक्षात हातात साधारण एक-दशांश, म्हणजे ५० किलोन्यूटनच्या आसपास पडते. बाकीचे सगळे घर्षण खाऊन टाकते. पण ते वाया जाते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ५० मिमी त्रिज्येवर या सर्पिलाचा चढ जेमतेम १.१ अंश भरतो, तर ०.१५ घर्षणगुणांकाला घर्षणकोन ८.५ अंशांचा असतो. चढ घर्षणकोनापेक्षा इतका कमी असल्याने जॉने कितीही रेटले तरी स्क्रोल उलटी फिरत नाही. चावी काढून घेतल्यावरही पकड तशीच राहते ती या घर्षणाच्या जोरावर. जे घर्षण आवळताना नऊ हिस्से खाते तेच नंतर कुलूप बनते.

अचूकतेच्या बाबतीत स्क्रोल चक मध्यमच. चांगल्या स्थितीतील चकमध्ये गोल सळई धरून डायल इंडिकेटर (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे मापक) लावला तर ०.०५ ते ०.१ मिमी रनआउट, म्हणजे फिरताना दिसणारी डगमग, दिसणे नेहमीचे आहे. स्क्रोल फिरण्यासाठी तिच्या मधल्या भोकात थोडी मोकळीक ठेवावीच लागते, आणि पिनियन तिला फिरवता फिरवता एका बाजूला ढकलतोही. यातूनच एक कामाची सवय आली आहे. एका पिनियनवर खूण करून शेवटचा आवळ नेहमी तिथूनच द्यायचा, म्हणजे चूक राहिली तरी दर वेळी त्याच दिशेला आणि तेवढीच राहते. काही चकमध्ये मागच्या बैठकीला मोकळीक देऊन कडेला समायोजनाचे स्क्रू बसवतात. जॉब धरल्यावर अख्खा चकच किंचित सरकवून रनआउट काढून टाकता येतो.

फोर जॉ इंडिपेंडंट चकमध्ये ही सामाईक साखळीच नसते. प्रत्येक जॉचा स्वतःचा स्क्रू आणि जॉच्या पाठीला त्याचे अर्धे आटे. चौकोनी, वाकडा, ओतीव, कसलाही जॉब त्यात बसतो, आणि गोल जॉब हव्या तेवढ्या अचूकतेने मध्यावर आणता येतो. समोरासमोरच्या दोन जॉवर डायलचे वाचन घ्यायचे आणि फरकाच्या निम्मे सरकवायचे. नवशिका पूर्ण फरक सरकवतो आणि जॉब दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवतो. वेळ लागतो, पण यंत्रणा इतकी साधी आहे की बिघडायला फारसे काही नाही.

स्क्रोलच्या रेघेएवढ्या स्पर्शावर नेमका उपाय वेज-बार चकमध्ये आहे. यात जॉच्या पाठीवर तिरके सरळ दाते असतात आणि तसेच दाते असलेली पट्टी जॉच्या चालीला काटकोनात सरकते. चावीने एक स्क्रू फिरतो, तो एक पट्टी ओढतो, ती मधल्या कड्याला फिरवते आणि कडे उरलेल्या दोन पट्ट्या ओढते. दाते सरळ असल्याने संपूर्ण पृष्ठभाग टेकतो. पकड वाढते, झीज कमी होते आणि अचूकता बराच काळ टिकते. पट्ट्या पूर्ण मागे नेल्या की जॉ मोकळे होतात आणि चटकन बदलता येतात. बनवायला महाग, पण हाताने आवळायच्या चकमध्ये माझ्या मते ही सर्वांत समंजस रचना आहे.

सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथवर चावी फिरवत बसायला वेळ नसतो. तिथे स्पिंडलच्या मागच्या टोकाला त्याच्याबरोबर फिरणारा हायड्रॉलिक सिलिंडर असतो, आणि पोकळ स्पिंडलमधून जाणारी ड्रॉट्यूब त्याचा रेटा पुढे चकपर्यंत आणते. गती इथे अक्षाच्या दिशेने येते. तिला त्रिज्येच्या दिशेने वळवायचे असते. वेज-हुक चकमध्ये मधल्या प्लंजरवर (ड्रॉट्यूबने पुढे-मागे सरकणाऱ्या भागावर) टी आकाराच्या तिरक्या खाचा असतात आणि मास्टर जॉचे हुक त्यांत अडकलेले असतात. प्लंजर मागे ओढला की उतारावरून जॉ आत येतात. खाचेचा कोन १४ अंश असेल तर २० मिमी ओढीला जॉ जेमतेम ५ मिमी सरकतो, आणि घर्षण सोडले तर रेटा चौपट होतो. चाल इतकी थोडी असल्याने जॉबचा व्यास बदलला की टॉप जॉ सोडून नव्या जागी बसवावे लागतात. मास्टर जॉवर बारीक खाचांच्या रांगा असतात त्या यासाठीच. तेलाचा दाब अचानक गेला तर लहान कोनामुळे जॉ लगेच सुटत नाहीत, पण तेवढ्यावर विसंबून चालत नाही; सिलिंडरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो तो दाब अडकवून ठेवतो.

दुसरा मार्ग तरफेचा. काटकोनी तरफेचा एक हात प्लंजरमध्ये आणि दुसरा जॉमध्ये. जॉला जास्त चाल मिळते आणि घर्षणही कमी. त्याच्या बदल्यात वेजइतकी वाढीव पकड आणि कडकपणा मिळत नाही.

वेग वाढला की या साखळीवर एक नवे ओझे येते. जॉ स्वतः वजनदार असतात आणि फिरताना बाहेर फेकले जाऊ पाहतात. मास्टर आणि टॉप मिळून जॉ १ किलोचा आणि त्याचा गुरुत्वमध्य केंद्रापासून ७० मिमीवर धरला, तर १५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) प्रत्येक जॉवर सुमारे १.७ किलोन्यूटन बाहेरचा ओढा येतो. ३००० आरपीएमला तोच चौपट, ६.९ किलोन्यूटन. तिन्हींचे मिळून २० किलोन्यूटनच्या वर पकड केवळ वेगामुळे कमी होते, आणि स्थिर अवस्थेत मोजलेला आकडा निरुपयोगी ठरतो. जॉब आतून धरलेला असेल तर उलट होते; वेगाबरोबर पकड वाढत जाते आणि पातळ जॉब फुगतो. यावर तोड म्हणून काही तरफेच्या चकमध्ये तरफेच्या पलीकडच्या टोकाला प्रतिभार लावतात. तो बाहेर फेकला जातो तसा तरफेमार्फत जॉला आत ढकलतो. टॉप जॉ शक्य तितके हलके आणि बुटके ठेवणे हा त्याहून सोपा उपाय, आणि तो सर्वांच्या हातात आहे.

कोलेटमध्ये जॉ, दाते, खाचा काहीच नाही. उभ्या चिरा दिलेली लवचीक नळी शंकूत ओढली किंवा ढकलली की ती आवळते. गती पोहोचवणारा दुवा आणि पकडणारा भाग एकच. सांधे कमी म्हणून चुकाही कमी, आणि वजन केंद्राजवळ असल्याने जास्त वेगातही पकड टिकते. ईआर नावाच्या प्रकारातील कोलेटचा उतार एका बाजूला ८ अंशांचा, ५सी प्रकारातील कोलेटचा १० अंशांचा. मात्र कोलेट आपल्या मापाच्या सळईलाच पूर्ण अंगाने टेकतो. माप फार कमी-जास्त झाले की तो टोकालाच चावतो.

ड्रिल चकची घडण वेगळी आहे. आर्थर जेकब्स यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत तीन बारीक जॉ तिरक्या भोकांत सरकतात, त्यांच्या पाठीवर आटे असतात आणि ते आटे एका नटात फिरतात. नट बाहेरच्या बाहीला घट्ट बसवलेला. बाहीच्या कडेवरचे बेव्हल दाते चावीने फिरवले की जॉ खाली येता येता एकमेकांजवळ येतात.

साखळी कितीही चांगली असली तरी शेवटच्या सांध्यात, जॉ आणि त्याच्या खाचेत, मोकळीक असतेच. यंत्रणा जॉला पाठीकडून ढकलते आणि जॉबचा प्रतिरेटा जॉच्या पुढच्या टोकावर येतो. या अंतरामुळे जॉ खाचेत किंचित कलतो. जुन्या चकमध्ये जॉचे तोंड घंटेसारखे उघडे पडते आणि जॉब फक्त आतल्या कडेवर धरला जातो. म्हणून सॉफ्ट जॉ (चकवरच कापून घेता येणारे मऊ जॉ) बोर करताना, म्हणजे आतून गोल कापताना, ते मोकळे सोडून चालत नाही. मागच्या भागात एक गोल चकती धरून, कामाच्या वेळी देणार तेवढाच दाब देऊन मग पुढचा भाग बोर करायचा. असे केल्याने सगळ्या सांध्यांतली मोकळीक कामाच्याच दिशेने दाबलेली असते आणि जॉ कललेल्या अवस्थेतच खरा होतो. पातळ रिंगेचा त्रास निराळा. तीन जॉ तिला तीन ठिकाणी दाबतात, त्या अवस्थेत बोर (आतले भोक) अगदी गोल होतो, डायलही तसेच सांगतो. चक सोडला की रिंग आपल्या मूळ आकाराला परतते आणि बोर तीन पाकळ्यांचा निघतो. सहा जॉचा चक किंवा रिंगेला जवळजवळ पूर्ण वेढणारे रुंद सॉफ्ट जॉ घेतले की हा दोष खूप कमी होतो.

ग्रीसचा विषय किरकोळ वाटतो, पण वरचाच स्क्रोलचा हिशेब घेतला तर घर्षणगुणांक ०.१० वरून ०.२० वर गेला की त्याच चावीच्या, त्याच जोराच्या आवळीला पकड जवळजवळ निम्मी होते. हाताला फरक जाणवत नाही. चावी तेवढीच घट्ट लागते. कूलंटने (कापताना सोडलेल्या थंड द्रवाने) ग्रीस धुऊन नेलेल्या, बारीक चुऱ्याने भरलेल्या चकमध्ये नेमके हेच होते. पॉवर चकला (सिलिंडरवर चालणाऱ्या चकला) रोज ग्रीस द्यायला सांगतात ते यामुळे. स्क्रोल चकला ठरावीक काळाने खोलून, जॉ काढून, मळसूत्राच्या तळातला चुरा ब्रशने काढावा लागतो. तिथे दाबलेल्या हवेचा फवारा मारू नये. चुरा बाहेर येण्याऐवजी बेव्हल दात्यांच्या बाजूला, अजून आत जाऊन बसतो.