आधी हवा सोडा, मग ४×४ लावा

चारही चाकं फिरली की गाडी कुठेही जाईल, असं नवशिक्याला वाटतं. पण इंजिनाचा सगळा जोर जमिनीला पोचतो तो टायरचा जेवढा भाग टेकलेला असतो तेवढ्यातूनच, आणि तो तळहाताहून फार मोठा नसतो. म्हणून कच्च्या वाटेवर उतरताना पहिला हात टायरच्या व्हॉल्व्हला लावावा. डांबरावरचा ३२ ते ३५ पीएसआय दाब खडकाळ वाटेवर २२-२४ आणि भुसभुशीत वाळूत १६-१८ पर्यंत उतरवला, की टायर बसतो, त्याचा ठसा लांबतो, वजन पसरतं. १५ च्या खाली जाऊ नये. वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. गेज आणि छोटा कॉम्प्रेसर सोबत हवाच, कारण इतक्या कमी हवेवर डांबरावर पळवलेला टायर तापून फाटतो. (कोकणातल्या वाळूवर मात्र सराव नको. वेळास, आंजर्ल्याला कासवं अंडी घालतात.)

खरा गुंता डिफरन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीचा. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, ती सोय तो करतो. पण साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतो. एक चाक हवेत लटकलं की ते फिरायला जोर लागतच नाही. मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य मिळतो. तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतली (एक पुढचं, एक मागचं) दोन चाकं उचलली गेली की फोर बाय फोरही जागीच गरगरते. फोर्सच्या गुरखात यासाठी पुढे-मागे लॉक आहेत, ते दोन्ही चाकांना एकत्र फिरायला लावतात. मारुतीची जिमनी मोकळं फिरणारं चाक आपोआप ब्रेकने धरते. तिथे एक्सिलरेटर थोडा स्थिर दाबून धरावा लागतो, घाबरून सोडला की संपलं.

४एल (चारही चाकांना जोर, पण गती कमी आणि ताकद जास्त देणारा गिअर) लावायचं ते गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये. तीव्र उतारावर पहिला गिअर ठेवावा आणि क्लचवरून पाय काढावा. क्लच दाबला की इंजिनाची पकड जाते. चढावर इंजिन बंद पडलं तर ब्रेक धरून रिव्हर्स टाकावा आणि आलात तसंच सरळ खाली यावं. तिथे गाडी आडवी वळवली की ती कुशीवर जाते.

रुतल्यावर रेस देऊ नये. चाक खड्डा खणत जातं आणि गाडीचं पोट टेकतं. आधी फावडं, मग आणखी थोडी हवा कमी, शेवटी दोर. तोही चॅसीच्या हुकालाच. ट्रेलर अडकवायचा गोळा, म्हणजे टो बॉल, झटक्याने तुटला तर गोळीसारखा सुटतो.