पार्श्वभूमी : एव्हरग्रीनच्या धाकट्या घरातला वैमानिक

न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिरवे कंटेनर वाहणारे ट्रेलर नेहमी दिसतात. त्यांच्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत ‘एव्हरग्रीन’ असे नाव असते. मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात आडवे अडकलेले ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज याच तैवानी कंपनीमार्फत चालवले जात होते. ही कंपनी ज्या घराण्याची, त्याच घराण्यातला एक मुलगा म्हणजे स्टारलक्स या विमान कंपनीचा संस्थापक चांग कुओ-वेई.

वडील चांग युंग-फा जहाजावरच्या नोकरीतून कप्तानपदापर्यंत चढले. 1968 मध्ये एका जुन्या मालवाहू जहाजावर त्यांनी एव्हरग्रीन सुरू केली आणि 1984 मध्ये पृथ्वीला दोन्ही दिशांनी फेरी घालणारी कंटेनर सेवा काढली. तैवानच्या सरकारने हवाई वाहतूक खासगी कंपन्यांना खुली करताच 1989 मध्ये त्यांनी ईव्हीए एअर स्थापन केली आणि त्याच वर्षी, एकही उड्डाण झालेले नसताना, 26 विमानांची मागणी नोंदवली. पहिले विमान उडाले ते जुलै 1991 मध्ये. म्हाताऱ्याचा हिशेब हा असा मोठा असायचा.

पहिल्या पत्नीपासून त्यांना तीन मुलगे. कुओ-वेई हा दुसऱ्या पत्नीचा एकुलता एक. मालकाचा मुलगा विमान कंपनीत बसतो यात नवल नाही, पण याने वैमानिकाचा परवाना काढला आणि प्रवासी विमाने स्वतः चालवली. तो अध्यक्ष असतानाच, 2013 मध्ये, ईव्हीए स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय गटात सामील झाली.

20 जानेवारी 2016 रोजी युंग-फा वयाच्या 88व्या वर्षी वारले. महिन्याभरात मृत्युपत्र उघडले गेले. वैयक्तिक मालमत्ता सगळी कुओ-वेईला आणि समूहाचे प्रमुखपदही त्यालाच. थोरल्या घरचे भाऊ बिथरले. मालमत्ता मृत्युपत्राने देता येते, पण कंपनीचे प्रमुखपद संचालक मंडळ देते आणि मंडळ ठरते समभागांवर. वडिलांचा शब्द हयातीत कायद्यासारखा चालत होता. त्यांच्यामागेही तो तसाच चालेल, हे गृहीत धरणे मला तरी या सगळ्यातली खरी चूक वाटते. भावांच्या बाजूने समूहाचे मध्यवर्ती व्यवस्थापन कार्यालयच बरखास्त केले. ज्या गादीवर बसायचे, ती गादीच उरली नाही.

मग आला 11 मार्च. कुओ-वेई त्या दिवशी ईव्हीएचे विमान घेऊन सिंगापूरला गेला होता, आणि इकडे तैवानमध्ये मंडळाने बैठक घेऊन त्याला अध्यक्षपदावरून काढले. मृत्युपत्राचा वाद कोर्टात गेला आणि वर्षानुवर्षे चालला. तैपेईच्या जिल्हा न्यायालयाने ते वैध ठरवले, पण त्याने ईव्हीएची खुर्ची काही परत आली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्रान्सएशिया ही तैवानची जुनी विमान कंपनी अचानक बंद पडली. त्यानंतर थोड्याच दिवसांत कुओ-वेईने नव्या कंपनीची घोषणा केली. 2018 मध्ये स्टारलक्स रीतसर नोंदली गेली. ऑक्टोबर 2019 मध्ये पहिले एअरबस ए321निओ हँबर्गहून घरी आणताना चालकाच्या जागेवर अध्यक्ष स्वतःच होता. 23 जानेवारी 2020 रोजी मकाऊ, दा नांग आणि पेनांगच्या फेऱ्या सुरू झाल्या. मुहूर्त इतका वाईट की ज्योतिषालाही सुचला नसता : दोन महिन्यांत कोविडने आकाशच बंद केले. ऑगस्टमध्ये कंपनीने ‘परदेशी गेल्याचे नाटक’ करणारी उड्डाणे काढली. तैवानहून निघायचे, आकाशात एक फेरी मारून तैवानलाच उतरायचे. पहिल्या अशा फेरीचा कप्तानही अध्यक्षच होता.

कंपनी तगली. 26 एप्रिल 2023 पासून स्टारलक्सचे ए350 तैपेईच्या ताओयुआन विमानतळावरून लॉस एंजेलिसला जाऊ लागले. त्याच विमानतळावरून, त्याच शहराला, वडिलांच्या ईव्हीएची बोइंग विमानेही रोज उडतात.