जुनी बंदूक म्हणजे बिनपरवान्याची बंदूक नव्हे

'बंदूक शंभर वर्षांहून जुनी असेल तर परवाना लागत नाही,' असा मेसेज सोलापुरात, विशेषतः जुने वाडे असलेल्या घरांत, बरीच वर्षं फिरतो आहे. त्यात थोडं तथ्य असल्यामुळे तो पटतोही.

शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ४५ उघडून पाहा. सूट आहे, पण नुसत्या वयाला नाही. जुन्या घडणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं शस्त्र दुरुस्त करूनही बार काढू शकणार नसेल, तरच ती मिळते. शंभर वर्षांची अट पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्यातली. तो विषयच वेगळा.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायच्या बंदुकीची नळी शाबूत असेल, तर गंजलेला घोडा बदलून ती पुन्हा चालू शकते. म्हणजे परवाना आलाच. शिवाय आत जुनी दारू ठासलेली राहिलेली असू शकते. नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेवून लाकडी काठी हलकेच आत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तीच काठी नळीला बाहेरून लावून पाहा. टोक रंजकाच्या छिद्राच्या (नळीच्या मागच्या टोकाशी दारू पेटवायला असलेल्या भोकाच्या) बरंच अलीकडे राहिलं, तर नळी भरलेली समजा. उकरू नका, जाणकाराला बोलवा.

चौकशी शहरात पोलीस आयुक्तालयात, गावाकडे जिल्हाधिकारी कार्यालयात करा. सोबत फोटो न्या, बंदूक नको. आणि कृपा करून पॉलिश पेपर लावू नका, नळीवरची अक्षरं कायमची जातात.