सुट्या भागांची इलेक्ट्रिक गिटार

वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेला नेक, बॉडी, पिकअप, ब्रिज आणि खुंट्या घरी जुळवून तयार केलेले वाद्य. नेक म्हणजे गिटारची मान, बॉडी म्हणजे धड, पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग, ब्रिज म्हणजे बॉडीवरची तारांची घोडी. नाशिकमध्ये हे काम करणाऱ्याला नेक आणि पिकअप बहुधा ऑनलाइन मागवावे लागतात किंवा मोडक्या गिटारवरून काढावे लागतात. लाकूड, सुतार आणि टर्नर मात्र गावातच आहेत, आणि हेच या शहराचे बळ आहे.

गिटार अशी जुळवता येते याचे श्रेय लिओ फेंडर याला जाते. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने 1950 मध्ये सपाट, भरीव फळीची बॉडी आणि तिला चार स्क्रूंनी आवळलेला नेक अशी गिटार बाजारात आणली. तिचे टेलिकास्टर हे नाव 1951 पासूनचे, आणि 1954 मध्ये तिच्यामागून स्ट्रॅटोकास्टर आली. तोवर चांगल्या गिटारचा नेक सरसाने कायमचा चिकटवलेला असे. फेंडरच्या रचनेत तो खोलून बदलता येऊ लागला, आणि एकाचा नेक दुसऱ्याच्या बॉडीवर चढवण्याची वाट मोकळी झाली. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने सत्तरच्या दशकात स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराच्या स्वस्त बॉडीत गिब्सन कंपनीच्या गिटारचा पिकअप बसवला, तेव्हा या जोडकामाला जगभर मान मिळाला.

घरगुती गिटारचे सर्वांत सुंदर उदाहरण मात्र त्याआधीचे आहे. ब्रायन मे या इंग्रज मुलाने वडिलांच्या मदतीने 1963 मध्ये गिटार करायला घेतली. नेकचे लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचे होते, आणि त्यातली किडीची भोके काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली होती. फ्रेटबोर्डवरचे, म्हणजे नेकवर बोटे टेकवायच्या पट्टीवरचे, ठिपके आईच्या शिंपल्यांच्या बटणांचे, तर ब्रिजमागच्या स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनातल्या. पुढे क्वीन बँडची गाणी त्याने याच गिटारवर वाजवली. (त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणी आपल्या पाचगणीत शिकला होता.)

इंग्लंडातली शेकोटी नाशिकमध्ये नाही, पण वाडे आहेत. जुन्या नाशकातला वाडा उतरवला की त्याच्या तुळया, खांब आणि दारांच्या चौकटी विकायला निघतात. हे सागवान कित्येक दशके छपराखाली वाळलेले असल्याने नव्या लाकडासारखे पिळवटत नाही. घेताना मात्र त्यावरून लोहचुंबक फिरवावा. आत मोडलेला खिळा राहिला असेल, तर पहिल्याच फेरीत राउटरचे, म्हणजे लाकूड कोरण्याच्या यंत्राचे, पाते जाते. सागात अंगचे तेल असते, म्हणून दोन फळ्या जोडण्यापूर्वी चिकटवायच्या कडा थिनरने पुसून घ्याव्यात, नाहीतर फेविकॉल धरत नाही. वजनाचाही विचार हवा. अमेरिकेत बॉडीसाठी वापरले जाणारे आल्डर सागापेक्षा बरेच हलके असते. 45 मिलिमीटर जाडीची सागाची भरीव बॉडी तासभर खांद्यावर टांगली की खांदा भरून येतो. त्यामुळे आतून पोकळ्या कोरून वरून पातळ फळी चिकटवणे बरे. शिवणीचे लाकूड हलके आणि स्थिर असते. तशी फळी मिळाली तर ती पहिल्या कामासाठी सागाहून सोपी. धूळ उडवणाऱ्या प्रत्येक कामाला मास्क लावावा, कारण सागाचा भुसा घशाला आणि कातडीला झोंबतो.

पहिल्या गिटारचा नेक स्वतः करू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, आणि त्यांच्या जागा गणिताने ठरतात. उरलेल्या तारेच्या लांबीला दर वेळी 17.817 ने भागून पुढचा फ्रेट मिळतो, आणि अर्ध्या मिलिमीटरची चूकही कानाला कळते. शिवाय सहा तारांचा मिळून ताण 40 ते 45 किलोच्या घरात जातो, म्हणजे सिमेंटच्या गोणीपेक्षा थोडाच कमी. तो पेलण्यासाठी नेकच्या पोटात ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई घातलेली असते. हे काम हात बसल्यावर करायचे.

सगळी गिटार दोन गोष्टींवर उभी असते : मधली रेघ आणि तारेची लांबी. फेंडर पद्धतीच्या नेकवर नटपासून (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत 324 मिलिमीटर भरतात. तेवढेच अंतर बाराव्या फ्रेटपासून ब्रिजच्या सॅडलपर्यंत (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) हवे, आणि जाड तारांसाठी त्याहून दोन-तीन मिलिमीटर जास्त. रेघेची परीक्षा शिवणकामाच्या काळ्या दोऱ्याने होते. नेक स्क्रू न लावता खाचेत ठेवायचा. ब्रिज दुहेरी चिकटपट्टीने तात्पुरता धरायचा. मग पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जागी दोरे ताणून शेवटच्या फ्रेटपाशी डोळा न्यायचा. दोन्ही दोऱ्यांपासून फ्रेटबोर्डच्या कडेपर्यंतची फट सारखी दिसायला हवी. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दीड मिलिमीटर दिसले, तर ब्रिज किंचित सरकवून पुन्हा बघायचे. यात एक संध्याकाळ गेली तरी ती सार्थकी लागते. पेन्सिलची खूण त्यानंतर, ड्रिल सर्वांत शेवटी. नेकच्या लाकडात स्क्रू पिळताना त्याला साबण किंवा मेण चोळावे. सुतार हे नेहमीच करतात, पण ते विसरल्याने स्क्रूचे डोके तुटल्याची उदाहरणे कमी नाहीत.

सुट्या भागांची खरी डोकेदुखी म्हणजे मापांचे दोन संसार. अमेरिकी भाग इंचात, आशियाई भाग मिलिमीटरमध्ये. सॅडलचा स्क्रू आट्यात बसत नाही, पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) दांड्यावर बटण चढत नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये टर्नर-फिटर घरोघरी आहेत, आणि अशा वेळी त्यांच्यासारखा मित्र नाही. टेलिकास्टरच्या मूळ ब्रिजला पितळेचे तीन सॅडल असत, प्रत्येकावर दोन तारा. सुमारे 8 मिलिमीटरची पितळी सळई घेऊन कुशल टर्नर ते थोड्या वेळात करून देतो, आट्यांसकट. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या गावाला हे शोभूनही दिसते.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. लोखंडी तार त्यावर थरथरली की वेढ्यांत वीज निर्माण होते. जुना पिकअप जिवंत आहे का हे मल्टीमीटर सांगतो : साधारण 5 ते 8 किलो-ओहम दिसले तर चांगला, काटा हललाच नाही तर आत तार तुटलेली. एका कॉइलच्या पिकअपला 250 किलो-ओहमचा पॉट लावतात, दोन कॉइलच्या हंबकरला 500 चा. डाख देताना पॉटची पाठ आधी पॉलिश पेपरने खरवडून घ्यावी, मगच कथील पसरते. नवख्यांकडून हमखास राहणारी गोष्ट म्हणजे ब्रिजखालून जाणारी अर्थची तार. ती नसली की घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेची घरघर अँप्लिफायरमधून येत राहते. असली, तर तारांना हात लावताच घरघर उतरते.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीचा माथा असा घासतात की तार त्याला अलगद स्पर्शून झंकारत राहावी. गिटारच्या नटमध्ये नेमके उलटे साधायचे असते. खाच खुंट्यांच्या बाजूला उतरती हवी, म्हणजे तार फ्रेटबोर्डाकडच्या एकाच धारेवर टेकते. खाच सपाट राहिली तर मोकळी तार तंबोऱ्यासारखी झणझणते. बारीक कानस दोनदा फिरवायची, तार लावून ऐकायचे, पुन्हा दोनदा. खाच खोल गेली की नट नवाच लागतो.

तारा चढवल्यानंतर आठवडाभर नेकला रुळू द्यावे आणि मग त्याचा बाक बघावा. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबला, की सातव्या फ्रेटवर तारेखाली व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट राहावी. नाशिकचा कोरडा उन्हाळा आणि ओला पावसाळा यांत लाकूड आकसते आणि फुगते, त्यामुळे हा बाक वर्षातून दोनदा तपासावा लागतो : एकदा एप्रिलमध्ये, एकदा गंगापूर धरणातून पाणी सुटू लागले की. बाक सुधारताना ट्रस रॉडला एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त पीळ द्यायचा नाही, आणि पुढचा पाव फेरा दुसऱ्या दिवशी.